तिसऱ्या गाण्यातली टक्

मी अ‍ॅम्प बोलतोय. गिटारवाल्याच्या मागे स्टेजवर तो काळा खोका उभा असतो ना, तोच मी. तारेवर बोट हललं की त्याची कुजबुज वायरीतून माझ्याकडे येते आणि मी तिची गर्जना करून लोकांच्या कानांवर घालतो. थोडक्यात काय, जन्मभर दुसऱ्यांचंच बोलणं मोठं करून सांगितलं. आज पहिल्यांदा स्वतःचं सांगतोय. गेल्या महिन्यात जे झालं त्याने माझी वाचाच बसली होती, आणि बसलेली वाचा एकदा उठली की आवरत नाही. तेव्हा जरा सांभाळून घ्या.

माझा जन्म रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात झाला. दुकानदाराला दोन मुलं, मोठी मुलगी आणि तिच्या पाठचा मुलगा. मुलाला गिटारचं वेड. बापाने जुन्या रेडिओंचे ट्रान्सफॉर्मर, काचेचे व्हॉल्व्ह आणि एका मोडक्या कपाटाच्या फळ्या जमवून मला बनवायला घेतलं. पण त्याची नजर अधू झाली होती, म्हणून माझ्या पोटातला एकेक जोड मुलीनेच सोल्डर केला. भाऊ तिला ताई म्हणायचा, त्यामुळे पुढे अख्खा बँड तिला ताईच म्हणायला लागला, वयाने मोठे असलेलेसुद्धा. मी मात्र तिला अहो-जाहो करत नाही. आईला कुणी अहो-जाहो करतं का?

बापाचा एक नियम होता. दुरुस्त केलेली वस्तू स्वतः चालवून बघितल्याशिवाय गिऱ्हाइकाला द्यायची नाही. आता अ‍ॅम्प चालवून बघायचा तर गिटार वाजवायला हवी. मग दुकान बंद झाल्यावर, एकटी असताना, ताई खिळ्याला टांगलेली, मान जोडलेली जुनी गिटार खाली काढायची आणि एप्रनच्या खिशातला पितळेचा वॉशर घेऊन त्यानेच तारा छेडायची.

तिचा क्रम ठरलेला. आधी सगळ्यात जाड तार, एकच सूर, लांबवर धरून ठेवायचा. मागे घरघर येते का ते त्यात कळतं. मग एकेक तार वर चढत जायचं, कुठला सूर फाटतो का बघत. मध्येच हात थांबवून पेन्सिलीच्या मागच्या टोकाने माझ्या व्हॉल्व्हवर एक टिचकी मारायची. टक्! व्हॉल्व्ह सैल असला तर लगेच कुरकुरतो. आणि शेवटी वरचा सूर ताणून सोडून द्यायचा, पार विरून जाईपर्यंत. झालं की माझे सगळे नॉब शून्यावर. गिऱ्हाइकाच्या वस्तूवर आपली खूण ठेवू नये, असं बाप सांगायचा, आणि ताईने तो शब्द कधी मोडला नाही.

काय वाजवायची म्हणून सांगू! अंगावर काटा यायचा, माझ्याकडे अंग म्हणता येईल तेवढ्यावर. पण आपण वाजवतोय हे तिच्या गावीही नसायचं. ती बिचारी तपासत असायची.

बँडचा पहिला काळ ताईच्या भावाचा. त्याला सगळे दांडगा म्हणत, आणि ते उगाच नव्हतं. तो तारा छेडत नसे, धोपटत असे. माझे नॉब उजवीकडे जातील तिथवर नेऊन ठेवायचे, आणि पुन्हा शोधायला नकोत म्हणून तिथे लाल नेलपॉलिशचे ठिपके. ते अजून आहेत. पहिल्या रेकॉर्डमध्ये एका गाण्याची सुरुवात त्याने चार फटक्यांनी केली होती. ते चार फटके ऐकून लोक खुर्चीवरून उठायचे.

एक दिवस गायक त्याला गोडीत म्हणाला, "मी गात असताना जरा हळू वाजवत जा ना."

"हळू? मी?" दांडगा थक्कच झाला. "हळू पाहिजे तर अंगाई म्हण आणि झोपून जा!"

एवढ्यावरून तो बँड सोडून गेला. आणि जाताना लाथ कुणाला मारली? मला! गाणारा तो, चिडलेला हा, आणि बुटाची खूण माझ्या पुढच्या कापडावर. माणसं अशी वागतात हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

मग मास्तर आले. शाळेत भूमिती शिकवायचे. आल्या आल्या त्यांनी रुमालाने माझी धूळ पुसली, तिथेच मी त्यांचा झालो. त्यांच्या खुणा पांढऱ्या रंगाच्या, आणि तुम्हाला खोटं वाटेल, पट्टीने मोजून काढलेल्या. वाजवायचे कमी, थांबायचे जास्त. दांडगा सगळी भिंत पाडायचा, मास्तर तीत एक खिडकी करायचे. दोन्ही आवाज माझ्याच तोंडून निघाले, म्हणून मला सांगण्याचा अधिकार आहे.

दुसरी रेकॉर्ड करायला आम्ही एका तळघरात गेलो. वर कपडे शिवण्याचा कारखाना, दिवसभर शंभर मशिनांची खडखड. ती थांबायची फक्त जेवणाच्या सुट्टीत, एक ते एक चाळीस. त्यामुळे रेकॉर्डिस्टचा नियम असा की एक वाजता टेप सुरू करायची आणि एक चाळीसला बंद. मध्ये काही झालं तरी थांबवायची नाही, कारण चाळीस मिनिटांतलं कधी काय कामी येईल सांगता येत नाही.

तिसऱ्या गाण्यात मधोमध सगळी वाद्यं थांबतात आणि गिटार एकटीच बोलते. ती जागा मास्तरांना काही केल्या जमेना. चार दिवस झाले, चौदा वेळा वाजवून झालं. त्यात पाचव्या दिवशी, शुक्रवारी, त्यांच्या अंगात ताप. दोनदा वाजवलं आणि नेमका मी बिघडलो. शिट्टी मारायला लागलो. धावत जाऊन कुणीतरी ताईला घेऊन आलं.

मास्तर बाहेर कापडाच्या गठ्ठ्यांवर कपाळाला ओला रुमाल लावून आडवे झाले, त्यांचा डोळाच लागला. रेकॉर्डिस्ट आणि बाकीचे डबा खायला वर गेले. ताईने माझं पोट उघडलं, जोड दुरुस्त केला, मास्तरांची गिटार घेतली आणि वॉशर काढून नेहमीसारखं तपासलं. जाड तार, चढण, टक्, वरचा सूर. नॉब शून्यावर. पिशवी उचलून ती गेलीसुद्धा. मास्तर उठले, उरलेल्या वेळात त्यांनी आणखी दोनदा वाजवलं आणि वर मशिनं सुरू झाली.

टेप मात्र चालूच होती.

सोमवारी रेकॉर्डिस्टने सगळं ऐकलं आणि एका ठिकाणी मांडीवर थाप मारली. "हाच! हाच तो!" त्याने तो तुकडा कापला, गाण्यात जोडला आणि टेपच्या डब्यावर मास्तरांचं नाव लिहिलं. त्या आठवड्यात तिथे दुसरं कोण वाजवत होतं?

रेकॉर्ड तयार होऊन आली तेव्हा सरावाच्या खोलीत सगळे जमले. मी कोपऱ्यात, बंद. तिसरं गाणं लागलं, वाद्यं थांबली, आणि जाड तारेचा तो लांब धरलेला सूर आला. मी हादरलो. अहो, ही दुरुस्ती आहे! मी जिवाच्या आकांताने ओरडलो. म्हणजे ओरडणार होतो. पण कुणी गिटार लावल्याशिवाय माझ्या तोंडून आवाज कुठला निघायला?

मास्तरांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. "हे मी वाजवलं?"

"नाही, माझ्या आत्याने वाजवलं," रेकॉर्डिस्ट हसला. "ताप होता तुम्हाला. नसेल आठवत."

"आणि ही टक् कसली?"

"पायबिय लागला असेल कुठेतरी. राहू द्या, छान वाटतंय."

मास्तरांनी मान डोलावली. दिवसाला तीन-तीन वेळा वाजवलेलं, त्यात डोकं तापलेलं. माणसाने आपल्याच रेकॉर्डवरच्या नावावर विश्वास ठेवायचा नाही तर कशावर ठेवायचा?

पुढच्या महिन्यात माझा स्पीकर बदलायला मी ताईच्या दुकानात होतो. ती एक रेडिओ दुरुस्त करून लावून बघत होती आणि त्यावर नेमकं तेच गाणं लागलं. ताई पेन्सिल हातात धरून उभी राहिली. गाणं संपल्यावर निवेदक म्हणाला, "गिटारवर होते मास्तर." तिने रेडिओ बंद केला. "अस्सं!" एवढंच म्हणाली. त्यानंतर माझी काही दुरुस्ती निघाली की आमच्या गाडीचे ड्रायव्हरकाका मला दुकानात सोडायचे आणि घेऊन जायचे. मास्तर कधी समोर आलेच तर ताईचे दोनच शब्द, "झालं. न्या." बाई तुसडी आहे, असं मास्तर समजले.

आणि ते गाणं असं गाजलं म्हणता! एका वर्तमानपत्रात छापून आलं की त्या पहिल्या लांब सुरात माणसाचं एकटेपण आहे. एकटेपण कसलं डोंबलाचं? ती घरघर येते का बघत होती! त्या टक् वर तर लोकांच्या पैजा लागायच्या. कुणी म्हणे मास्तरांचा बूट, कुणी म्हणे तुटलेली तार.

मास्तरांचे मात्र हाल झाले. प्रत्येक कार्यक्रमात लोक तेच गाणं मागायचे. मास्तर ती जागा सूर न् सूर पाठ करून वाजवायचे, मध्ये थांबून बोटाच्या पेराने गिटारवर टक् करायचे. लोक टाळ्या वाजवायचे. पण मला कळायचं आणि त्यांनाही कळायचं, की हे ते नाही. कार्यक्रम संपल्यावर वायर गुंडाळताना ते माझ्या पाठीवर हात ठेवून विचारायचे, "त्या दिवशी माझ्यात कोण शिरलं होतं रे?" मला ठाऊक होतं आणि सांगता येत नव्हतं. या जन्मात यापेक्षा मोठी शिक्षा मी भोगलेली नाही.

बारा वर्षं त्यांनी ते सहन केलं. मग म्हणाले, "जे एकदा जमलं ते पुन्हा जमत नाही. मी आता फक्त त्याची नक्कल करतोय." गिटार पेटीत ठेवली आणि शाळेत भूमिती शिकवायला परत गेले.

त्यांच्या जागी एक सोडून दोन आले. जिवलग दोस्त, सगळे त्यांना जोडगोळी म्हणत. एक जे वाजवेल तेच दुसरा वरच्या पट्टीत, आणि इतक्या वेगात की माझे व्हॉल्व्ह लाल व्हायचे. त्यांच्या आणि माझ्या मध्ये आवाज बदलणाऱ्या, पायाने दाबायच्या दहा डब्या. खुणा हिरव्या चिकटपट्टीच्या, त्याही रोज बदलायच्या. पोरं गुणी, खोटं कशाला बोलू. पण माझ्याशी सरळ बोलायची म्हणून नाहीत.

कुठला काळ चांगला यावर गाडीत रोज भांडण. ड्रायव्हरकाकांनी तिन्ही काळांत गाडी चालवलेली, तेव्हा निकाल त्यांचाच. "दांडगा म्हणजे घण, मास्तर म्हणजे छिन्नी, आणि ही पोरं म्हणजे ड्रिल मशीन," ते म्हणायचे. "पण तिसऱ्या गाण्यातली ती जागा, तिथे सगळे पाणी भरतात. ती फक्त मास्तरांची." दर वेळी मी मागच्या बाजूला दोरीने बांधलेला, निमूट ऐकत असायचो.

गेल्या महिन्यात बँडचा शेवटचा कार्यक्रम ठरला. मोकळं मैदान, तिन्ही काळांचे गिटारवाले एका स्टेजवर, ज्याने त्याने आपापल्या काळातली गाणी वाजवायची. दांडगा आला, केस गेलेले, आवाज तोच. जोडगोळी आली, आता दोघांचीही पोटं सुटलेली. मास्तर सगळ्यात शेवटी आले. "ते गाणं नको," म्हणत होते. गायकाने हातापाया पडून तयार केलं.

भर दुपारी आवाज तपासणं सुरू होतं, आणि दांडग्याच्या तिसऱ्याच फटक्याला माझ्यातून धूर निघाला. कार्यक्रमाला चार तास. मला स्टेजवरून उतरवून, दुकानात नेऊन परत चढवायला वेळ नव्हता, म्हणून काका उलट ताईलाच गाडीत घालून मैदानावर घेऊन आले. त्या तळघराला तीस वर्षं झाली होती, ताई आणि मास्तर पुन्हा माझ्या दोन बाजूंना, आणि मध्ये मी पोट उघडून बसलेलो!

ताईचे केस पांढरे झालेत. एप्रन तसाच. सगळे स्टेजच्या पायऱ्यांवर चहा घेत बसले होते. मास्तर तेवढे जवळ उभे होते, गळ्यात गिटार.

काम झाल्यावर ताई वर न बघता म्हणाली, "गिटार द्या जरा."

मास्तरांनी दिली. तिने खिशातून वॉशर काढला. माझे नॉब कानाने लावले, लाल नाही, पांढऱ्या नाही, हिरव्या नाही, कुणाच्याच खुणेवर नाही. जाड तारेचा सूर निघाला आणि लांबत गेला. पायऱ्यांवरचं बोलणं थांबलं. सूर चढत गेले. ताईचा हात थांबला, कानामागची पेन्सिल निघाली.

टक्.

मास्तरांनी झटकन वळून त्या पेन्सिलीकडे बघितलं. वरचा सूर विरून गेला. काकांच्या हातातला चहा तिरका होऊन बुटावर सांडत होता आणि त्यांना शुद्ध नव्हती.

"अगं ताई," दांडगा कसाबसा बोलला, "हे तर रेकॉर्डवरचं..."

"माझंच आहे," ताई पेन्सिल कानामागे ठेवत म्हणाली. "त्या शुक्रवारी हा तपासताना वाजवलेलं. तुमच्या मास्तरांना विचार, त्यांना चांगलं ठाऊक आहे."

"मला?" मास्तर एक पाऊल पुढे आले. "ताई, आईशप्पथ सांगतो, मला आज कळतंय! आत्ता! मी तर बाहेर झोपलो होतो. उठलो, वाजवलं, नंतर रेकॉर्ड आली. मला वाटलं, तापात माझ्याच हातून..."

आता ताईच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. "तुम्हाला खरंच माहीत नव्हतं?"

"तीस वर्षं तुम्ही मला चोर समजत होता?"

"हो," ताई म्हणाली.

"मग बोलला का नाहीत कधी?"

"चोराने आधी बोलावं असं मला वाटत होतं."

मास्तर हसायला लागले आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. "मी बारा वर्षं त्या दिवशीच्या स्वतःला शोधत होतो हो. तो सापडेना म्हणून गिटार ठेवून दिली. आणि तो मी नव्हतोच!"

ताई माझ्यावरच टेकून बसली. "म्हणजे मी एक शब्द बोलले असते, तर तुम्ही वाजवणं सोडलं नसतं," ती म्हणाली. "मी रागात बसून राहिले आणि तुमची गिटार गेली."

"आणि तुमचं नाव गेलं," मास्तर म्हणाले. "ते तरी आज परत घ्या. संध्याकाळी ती जागा तुम्ही वाजवायची."

"भलतंच काय! मला वाजवता येत नाही. मला तपासता येतं."

"मग तपासा," मास्तर म्हणाले.

ऊन उतरल्यावर मैदान भरलं. दांडग्याने चार फटके दिले, लोक उठून उभे राहिले. जोडगोळीने माझे व्हॉल्व्ह पुन्हा लाल केले. मग तिसरं गाणं. वाद्यं थांबली, हजारो लोकांनी श्वास रोखला, आणि मास्तरांनी गळ्यातली गिटार काढली.

"इथून पुढचं माझं नाही," ते माइकवर म्हणाले. "कधीच नव्हतं. ज्यांचं आहे त्या हा अ‍ॅम्प दुरुस्त करायला आलेल्या होत्या. तेव्हाही आणि आजही."

मैदानात काय कुजबुज उठली! ताई एप्रनमध्येच वर आली. लोकांकडे पाठ, तोंड माझ्याकडे. तिने गर्दीकडे एकदाही बघितलं नाही. माझे नॉब पुन्हा आपल्या दुपारच्या जागी लावले, जाड तार छेडली, मान वाकवून ऐकलं, घरघर नव्हती. मी जीव एकवटून तिचा सूर बाहेर सोडला. तीस वर्षं घशात अडकलेलं मी एकदाचं बोलत होतो. ती चढत गेली, थांबली, पेन्सिल काढली. टक्. त्या आवाजाला अख्खं मैदान दचकलं. तीस वर्षं ज्याच्यावर पैजा लागल्या ते एका बाईच्या पेन्सिलीचं टोक होतं! शेवटचा सूर विरला तरी टाळी नाही. मग पहिली टाळी वाजली ती मास्तरांची, आणि पुढे काय झालं ते मला ऐकू आलं नाही, कारण तेवढा आवाज तर मलाही कधी काढता आलेला नाही.

ताईने गिटार खाली ठेवली. सवयीने तिचा हात माझ्या नॉबांकडे आला, शून्यावर न्यायला. पहिल्या नॉबवर बोटं टेकली, तशीच राहिली, आणि तिने हात काढून घेतला.

आता मी ताईच्या दुकानात फळीवर असतो. मास्तर दर रविवारी येतात, तिथली जोडलेली गिटार काढतात आणि दुकानातल्या छोट्या अ‍ॅम्पवर वाजवत बसतात. ती जागा नाही, स्वतःचं वाजवतात. चांगलं वाजवतात. ताई समोर काम करत असते, आणि एखादा सूर फाटला तर मान वर न करता सांगते.

माझं आता वय झालं, मला कुणी वाजवायला हवं असं नाही. तुम्ही कधी या दुकानात आलात तर माझ्यावरची धूळ पुसा, बुटाची खूण बघा, लाल, पांढऱ्या, हिरव्या खुणांवरून भांडणंही करा. फक्त एवढं ऐका, नॉबांना हात लावू नका. ते ताईने ठेवलेत तिथेच आहेत.